स्पॅनिश बोलणाऱ्या लहान मुलांचं भाषेचं स्क्रीनिंग: थांबायचं की आत्ताच तपासायचं?

शब्दखडू

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे हे आधीच सांगते, पण दोन मुलांचा प्रश्न आहे आणि आठवडाभर डोक्यातून जातच नाहीये.

मी टेक्सासमध्ये पब्लिक स्कूलच्या प्री-केमध्ये, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गात, असिस्टंट टीचर आहे, हे चौथं वर्ष. वर्गात १८ मुलं, त्यातली १३ घरी स्पॅनिश बोलतात. माझं स्पॅनिश कामापुरतं आहे, म्हणजे भूक लागली, शू आली, पाय दुखतोय, आई कधी येणार एवढं सगळं कळतं आणि बोलताही येतं, पण कुणाचं व्याकरण कुठे चुकतंय हे माझ्या कानाला पकडता येत नाही आणि नेमकं तिथेच घोडं अडलंय.

सप्टेंबरमध्ये सगळ्यांचं भाषेचं छोटं स्क्रीनिंग झालं. इंग्लिशमध्ये. चित्र दाखवायचं, नाव विचारायचं, दोनचार सूचना द्यायच्या, दहा मिनिटांत एक मूल. त्यात एक मुलगा (४ वर्षं ७ महिने) आणि एक मुलगी (४ वर्षं ५ महिने) दोघंही नापास झाले आणि मार्क जवळजवळ सारखे. दोघांच्या फॉर्मवर शेराही एकच, इंग्लिश लर्नर आहे, किंडरमध्ये पुन्हा बघू.

पण मला ही दोन मुलं सारखी वाटतच नाहीत हो. मुलगी वर्गात ऑगस्टपासून गप्प आहे, अगदी गप्प, पण तिच्या आईने फोनवर व्हिडिओ दाखवला त्यात ती आजीला कायतरी सांगतेय, हातवारे करत, मध्येच आजीला थांबवून दुरुस्त करत, दीड मिनिट तोंड मिटलं नाही तिचं. मुलगा उलटा. तो अजिबात लाजरा नाही, हात धरून ओढत नेतो, पाहिजे ते दाखवतो, हसतो, पण वाक्य येत नाही. आमच्या वर्गातली दुसरी मदतनीस मूळची मेक्सिकोची, तिने त्याला चित्र दाखवलं, कुत्रा पलंगावर बसलाय, आणि स्पॅनिशमध्येच विचारलं कुत्रा कुठे आहे, तर हा म्हणाला 'पेर्रो कामा'. कुत्रा पलंग. बस. ती म्हणाली या वयात 'एल पेर्रो एस्ता एन ला कामा' असं अख्खं यायला पाहिजे. आणि अजून एक, 'बूट ठेव आणि गालिच्यावर बस' असं स्पॅनिशमध्ये सांगितलं तरी तो आधी शेजारच्याकडे बघतो, शेजारचा उठला की मग हा उठतो. गडबडीत कुणाच्या लक्षातच येत नाही कारण शेवटी तो गालिच्यावर बसलेला असतो.

त्याची आई परवा गेटवर म्हणाली की मोठी बहीण या वयात मला अख्ख्या गोष्टी सांगायची, याचं बोलणं मला एकटीलाच कळतं. तिला कुणीतरी सांगितलंय की घरी स्पॅनिश बंद करा म्हणजे पोरगा सुधारेल. वर कुठल्याही कागदावर सही करायची तिला भीती वाटते, का ते तुम्ही समजून घ्या.

तर माझे प्रश्न: अशा मुलांचं स्क्रीनिंग कुठल्या भाषेत करतात? किंडरपर्यंत थांबणं बरोबर आहे का? आणि मी साधी असिस्टंट, माझ्या हद्दीत राहून मी काय करू शकते?

तालव्य

शब्दखडू ताई, मी कॅलिफोर्नियात शाळेत एसएलपी, म्हणजे मुलांच्या बोलण्याच्या आणि भाषेच्या अडचणी बघणारी तज्ज्ञ आहे, ११ वर्षं झाली, स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्हीत काम करते. तुम्ही जे शेजारच्याकडे बघून उठण्याचं लिहिलंय ना, ते वाचून मी उठून बसले. हे टिपायला नजर लागते, ते कुठल्याही फॉर्मवर येत नाही.

दोघांचे मार्क सारखे आले कारण त्या चाळणीने फक्त इंग्लिश किती कानावर पडलंय तेवढंच मोजलं. दोघांच्याही कानावर थोडंच पडलंय, म्हणून दोघंही खालीच राहिले. भाषा शिकण्याची ताकद कुणाची कशी आहे हे त्यातून कळायला मार्गच नव्हता.

आमच्याकडे ज्याला डीएलडी म्हणतात, म्हणजे कान ठीक, बुद्धी ठीक, घरी बोलायला माणसं आहेत आणि तरीही भाषा शिकायला जड जाते, ते साधारण ७ टक्के मुलांत असतं, म्हणजे किंडरच्या दोन वर्गांत मिळून दोनतीन मुलं. दोन भाषा कानावर पडल्यामुळे हे होत नाही आणि एक भाषा बंद केल्याने जात नाही. अडचण खरी असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. फक्त इंग्लिशमध्ये दिसत असेल तर तो नवखेपणा आहे, बाकी काही नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही भाषांत बघायचं आणि ज्या भाषेत मूल जास्त चांगलं आहे त्या भाषेतला निकाल धरायचा. शब्द मोजतानाही तसंच. 'मेसा' माहितीये पण 'टेबल' माहिती नाही तर त्या मुलाला टेबल ही कल्पना आहे, एक मार्क द्यायचा. दोन्हीकडचे मिळून मोजले की बरीच 'मागे पडलेली' मुलं एकदम पुढे येतात.

आता स्पॅनिशमध्ये काय बघायचं. इंग्लिशमध्ये अडचण असलेली मुलं क्रियापदाचे शेवट खातात, भूतकाळाचा 'एड', 'ही वॉक्स' मधला 'स'. पण इंग्लिश नव्याने शिकणारं प्रत्येक मूल हेच करतं, त्यामुळे ही खूण आपल्या मुलांच्या बाबतीत कामाची नाही, उलट तीच फसवते. स्पॅनिशमध्ये दुखणं वेगळ्या जागी असतं. एक म्हणजे 'एल' आणि 'ला', नामाच्या आधीचे ते छोटे शब्द, ते गळतात नाहीतर लिंग चुकतं, 'ला मेसा'च्या जागी 'एल मेसा'. आपल्याला हे समजायला सोपं आहे, साडेचार वर्षांचं मराठी पोर सारखं 'मोठा पिशवी, लाल पिशवी पडला' म्हणत असेल तर आपले कान टवकारतातच की. दुसरं म्हणजे 'लो, ला, लोस, लास', त्याला-तिला वाली चिमुकली सर्वनामं. चित्रात मुलगी केक कापतेय, विचारलं केकचं काय करतेय, तर 'लो कोर्ता' यायला पाहिजे. डीएलडीवालं मूल नुसतं 'कोर्ता' म्हणतं किंवा 'ला कोर्ता', आणि असं एकदोनदा नाही, दहापैकी सहासात वेळा. तिसरं थोड्या मोठ्या मुलांत, 'आईला वाटतं त्याने जेवावं' मधलं 'जेवावं'. स्पॅनिशमध्ये 'किएरे के कोमा'. तिथे हे मूल 'कोमे'वरच अडकतं, म्हणजे 'आईला वाटतं तो जेवतो'.

आणि जे चूक नाही ते चूक धरू नका. स्पॅनिशमध्ये कर्ता सांगायची गरज नसते. मुलगा जेवतोय असं चित्र दाखवल्यावर पोर 'एस्ता कोमिएन्दो' म्हणालं तर ते पूर्ण वाक्य आहे, आपण 'जेवतोय' म्हणतो तसंच. मी एका जुन्या रिपोर्टवर बघितलंय की इंग्लिश टेस्टचं जसंच्या तसं भाषांतर करून मुलाला विचारलं होतं आणि 'तो-ती वापरत नाही' म्हणून मार्क कापले होते. त्या पोराचं काय चुकलं सांगा. भाषांतर केलेल्या टेस्टचा हाच घोळ आहे, कुठला शब्द सोपा, कुठली रचना लवकर येते याचा क्रम प्रत्येक भाषेचा वेगळा असतो, तो भाषांतराबरोबर येत नाही.

यासाठी मुद्दाम दोन्ही भाषांत बनवलेली साधनं आहेत. बेसा नावाची टेस्ट आहे, ४ वर्षांपासून ६ वर्षं ११ महिन्यांपर्यंत, एलिझाबेथ पेन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली, त्यात व्याकरण, शब्दार्थ, उच्चार वगैरे दोन्ही भाषांत वेगवेगळे तपासतात. त्याच मंडळींचा बेसोस म्हणून छोटा स्क्रीनर आहे. शिवाय बायोस म्हणून पालकांना विचारायची प्रश्नावली आहे, मूल दिवसभरात तासातासाला कुणाबरोबर असतं, कुठली भाषा ऐकतं, कुठली बोलतं. क्विल्स नावाच्या स्क्रीनरची इंग्लिश-स्पॅनिश आवृत्तीही आहे, ३ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी, टॅब्लेटवर बोट लावून उत्तरं द्यायची असतात, म्हणजे गप्प मुलगी पण देऊ शकते. त्याहून लहान मुलांसाठी आयांना शब्दांची यादी देऊन खुणा करायला सांगतात, मॅकआर्थर-बेट्सच्या यादीची स्पॅनिश आवृत्ती २००३ ची आहे, ८ ते ३० महिन्यांपर्यंत.

कुठलीही चाळणी घ्या, एक प्रश्न विचारायचाच: खरी अडचण असलेल्या १०० मुलांतली किती हिच्यात सापडतात आणि ठीक असलेल्या १०० तली किती सुखरूप बाहेर पडतात. दोन्हीकडे निदान ८० तरी पाहिजेत असं आमच्या धंद्यात धरतात. आणि हा आकडा कुठल्या मुलांवरून काढलाय तेही बघायचं. इंग्लिश घरातल्या मुलांवरून काढलेला आकडा तुमच्या १३ मुलांना लावून उपयोग नाही.

आईचं म्हणणं. ताई, हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. १९९८ साली मारिया आदेलाइदा रेस्त्रेपो यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांवर अभ्यास केला, त्यात आईबापांचं सांगणं आणि मुलाच्या बोलण्यात वाक्यामागे किती व्याकरणाच्या चुका होतात एवढ्या दोन गोष्टींवरून अडचणीची मुलं फार चांगली वेगळी काढता आली होती. 'मोठी बहीण या वयात गोष्टी सांगायची' हे वाक्य त्यामुळे हलक्यात घेऊ नका. तेच घर, तीच भाषा, तीच आई, मग फरक कशाचा? ते वाक्य तारखेसह जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये लिहून ठेवा.

थांबू नका. मुलीच्या बाबतीत थांबलात तर चालेल, नवीन भाषेत शिरताना काही मुलं कित्येक महिने गप्प असतात आणि तिचं स्पॅनिश दीड मिनिटाच्या व्हिडिओत दिसलंय. मुलाच्या बाबतीत नाही.

उंबरठा

मी न्यू जर्सीत बालरोगतज्ज्ञ आहे. तालव्य यांनी छान लिहिलंय, माझे थोडेच मुद्दे.

सगळ्यात आधी कान. भाषेची शंका आली की श्रवण तपासणी पहिली, मग बाकीचं. शाळेत बीप वाजवून हात वर करायला लावतात तेवढ्यावर थांबू नका, सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठलेलं असतं आणि ते कधी असतं कधी नसतं, एका दिवशी पास होऊन जातात. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा.

'डॉक्टरने काही सांगितलं नाही म्हणजे ठीकच असेल' असं आयांना वाटतं, तसं नसतं. आमच्याकडे विकासाचं सर्वसाधारण स्क्रीनिंग ९, १८ आणि ३० महिन्यांना करायचं असतं आणि प्रश्नावली बऱ्याचदा स्पॅनिशमध्ये मिळते, पण चौथ्या वर्षी भाषेकडे वेगळं बघितलं जाईलच असं नाही. प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने, म्हणजे कुठल्या तपासण्या सरसकट कराव्यात हे सुचवणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा म्हटलंय की ५ वर्षांपर्यंतच्या, काही लक्षण नसलेल्या सगळ्या मुलांचं सरसकट भाषेचं स्क्रीनिंग करावं की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. लोक याचा अर्थ 'गरज नाही' असा लावतात तो चुकीचा आहे. ते विधान कुणालाही शंका नसलेल्या मुलांबद्दल आहे. इथे आईला शंका आहे, टीचरला शंका आहे, मग हे मूल त्या वाक्यात बसतच नाही.

आणि एक, माझ्याकडे बहुतेक मुलं डोमिनिकन आणि पोर्तो रिकन. तिकडच्या स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचा 'स' गळतो, 'लोस नीन्योस' चं 'लोह नीन्यो' होतं, पोर्तो रिकोत 'पुएर्ता'ला 'पुएल्ता' म्हणतात. आजी तसंच बोलते, बाप तसंच बोलतो. मेक्सिकन स्पॅनिशचा कान घेऊन बसलेला माणूस म्हणतो अनेकवचन येत नाही, र येत नाही. मूल कुणाच्या घरचं स्पॅनिश बोलतंय ते आधी विचारा. तसाही तो थरथरणारा 'र्र' चारचौघांसारख्या मुलांनाही पाच वर्षांपर्यंत येत नाही बरेचदा.

गवतीचहा

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका कुणी.

मी कॅलिफोर्नियात सॅलिनासजवळ शाळेत शिकवते, २० वर्षं होतील. जवळच सोलेदाद गाव आहे. तिथल्या ९ मेक्सिकन-अमेरिकन मुलांना इंग्लिशमध्ये आयक्यू टेस्ट देऊन मतिमंद मुलांच्या वर्गात टाकलं होतं, शेतमजुरांची मुलं, आणि जेव्हा स्पॅनिशमध्ये टेस्ट घेतली तेव्हा त्यातली बहुतेक त्या वर्गात बसतच नव्हती. १९७० च्या डायना खटल्यानंतर राज्याला कबूल करावं लागलं की मुलाची टेस्ट त्याच्या घरच्या भाषेत घ्यायची. त्या पिढीतल्या आज्या आज नातवंडांना सोडायला येतात आणि स्पेशल एज्युकेशन हा शब्द ऐकला की त्यांचा चेहरा बदलतो, मी बघितलंय. त्यामुळे घाईघाईने लेबल लावायला माझा जीव धजत नाही. चार वर्षांचं पोर आहे, एक वर्ष थांबलं तर काय बिघडतं?

तालव्य

गवतीचहा, राग कशाला येईल, तुम्ही म्हणता तो इतिहास खराच आहे आणि तो प्रत्येक एसएलपीने पाठ केला पाहिजे असं मला वाटतं. पण एक बघा, त्या मुलांवर अन्याय चुकीच्या भाषेत तपासल्यामुळे झाला. तुमच्या पोस्टमधल्या मुलांना वाचवलं ते स्पॅनिशमधल्या तपासणीनेच.

आणि वर्षभर थांबलं तर काय बिघडतं हे सांगते, कारण हे फार कमी बोललं जातं. सगळा दिवस इंग्लिश असलेल्या वर्गात गेलेल्या मुलाचं घरचं स्पॅनिश वर्षा-दोन वर्षांत झिजायला लागतं, अगदी ठीक मुलाचंही. आणि झिजतं ते आधी कुठे, तर 'एल-ला' मध्ये आणि 'लो-ला' मध्येच, ज्या खुणांवरून आम्ही अडचण ओळखतो त्याच जागी. म्हणजे आज साडेचार वर्षांचा असताना त्याच्या स्पॅनिशमधून जे स्वच्छ दिसतंय ते सहाव्या वर्षी गढूळ झालेलं असेल, इंग्लिश अजून पक्कं नाही आणि स्पॅनिश ढिलं झालंय, मग दोन्हीकडे कमी दिसेल आणि खरं काय ते सांगणं दसपट अवघड. अशी मुलं माझ्याकडे तिसरीत येतात. वाचलेलं कळत नाही म्हणून येतात, आणि फाइल उघडली की प्री-केच्या पानावर लिहिलेलं असतं, इंग्लिश लर्नर, पुन्हा बघू. आमच्या लोकांना अशी मुलं अडचणीची म्हणून जास्त धरली जातात की कमी हा वाद घालायला आवडतं, पण दोन्ही एकाच वेळी चालू असतं, एकाला नको तिथे टाकतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत.

लेबलची भीती असेल तर आधी शिकवून बघायचा रस्ता आहे. आम्ही त्याला डायनॅमिक असेसमेंट म्हणतो. तपासायचं, थोडं शिकवायचं, परत तपासायचं. गेल्या वर्षी एक मुलगी होती, पाच वर्षांची, चित्रांचं पुस्तक बघून गोष्ट सांग म्हटलं तर नुसती नावं, बेडूक, मुलगा, कुत्रा. दोनदा तिच्याबरोबर बसले, अर्धा-अर्धा तास, गोष्टीत कोण असतं, त्याला काय हवं असतं, मग काय होतं एवढंच स्पॅनिशमध्ये खेळत खेळत दाखवलं. तिसऱ्या वेळी तिने मला विचारलं 'आणि कुत्र्याला काय हवंय ते सांगू का?' आणि सांगितलं. तिला गोष्ट सांगायची सवय नव्हती कुणी लावलेली, एवढंच. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाबरोबर तेच केलं, तोही मन लावून बसला होता, पण प्रत्येक पायरी मला पुन्हा पुन्हा हाताला धरून न्यावी लागली आणि दोन दिवसांनी पाटी कोरी. गुण किती वाढले यापेक्षा मला किती ओढावं लागलं हे जास्त सांगून जातं. पहिलीला मी यादीतून काढलं, दुसऱ्याची पूर्ण तपासणी केली.

गवतीचहा

स्पॅनिश झिजण्याचा मुद्दा मी असा कधी बघितला नव्हता. माझ्या वर्गातली तीनचार नावं आत्ता डोळ्यासमोर आली. मी म्हणते ते मागे घेते, निदान या मुलापुरतं तरी.

दुहेरीधागा

मी मेडिकल आणि स्कूल इंटरप्रिटर आहे, स्पॅनिश-इंग्लिश. शब्दखडू, माझ्या बाजूने दोन गोष्टी.

सगळ्यात आधी खात्री करा की घरी स्पॅनिशच बोलतात. फॉर्मवर स्पॅनिश लिहिलेलं असतं कारण विचारणाऱ्याने तेवढंच विचारलेलं असतं. ग्वातेमालातून आलेली कुटुंबं माम भाषा बोलणारी असतात, किचे बोलणारी असतात, मेक्सिकोच्या ओआहाकातून आलेली मिश्तेक बोलणारी. आई स्पॅनिश बोलते पण ती तिची दुसरी भाषा, पोराशी वेगळंच बोलते. अशा मुलाला स्पॅनिशमध्ये तपासणं म्हणजे परत तीच चूक. 'तुम्ही त्याला झोपवताना कुठल्या भाषेत बोलता?' असं विचारा. या प्रश्नाला खरं उत्तर येतं.

दुसरं, टेस्टच्या वेळी दुभाषी असेल तर त्याला आधी नीट सांगावं लागतं की मुलाचं वाक्य दुरुस्त करायचं नाही. आमचा हात तिथेच जातो. मूल 'पेर्रो कामा' म्हणालं की मी नकळत 'द डॉग इज ऑन द बेड' म्हणून मोकळी होते आणि ज्यासाठी सगळा खटाटोप तीच चूक मी पुसून टाकलेली असते. सुरुवातीला माझ्याकडून हे झालंय आणि एका एसएलपीने मला बाजूला घेऊन समजावलं तेव्हा कळलं. आता मी मूल जे म्हणालं ते जसंच्या तसं सांगते आणि मग वेगळं सांगते की यात काय गळलंय. आणि मोठ्या बहिणीला दुभाषी म्हणून बसवू नका, ती बिचारी त्याला उत्तरं सांगते.

शब्दखडू

सगळ्यांचे मनापासून आभार. झोपवतानाचा प्रश्न मी आजच विचारला, स्पॅनिशच, आईबाप दोघंही मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसीचे.

तालव्य, पुढची पायरी सांगा ना. मी लीड टीचरशी बोलले, त्या वाईट नाहीत, पण म्हणतात रेफरल दिला, म्हणजे पूर्ण तपासणीसाठी नाव पाठवलं, तर वरून विचारतील इंग्लिशला एक वर्ष का दिलं नाही. आणि आईची कागदाची भीती आहेच.

तालव्य

मग आईनेच मागायचं. हा तिचा हक्क आहे, त्यासाठी शाळेची परवानगी लागत नाही. आयडिया या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात स्पष्ट आहे की अपंगत्वाची शंका असलेल्या मुलाची तपासणी फुकट करायची आणि शक्य असेल तिथवर त्याच्या मातृभाषेत करायची, आणि संमतीचा कागदही आईला कळेल अशा भाषेत द्यायचा. ३ वर्षांखाली हे काम वेगळ्या यंत्रणेकडे असतं, तिसऱ्या वाढदिवसापासून शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे येतं. तुमच्या टेक्सासमध्ये आईने लेखी मागणी दिली की शाळेला १५ शाळेच्या दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि तिने संमती दिल्यावर साधारण ४५ शाळेच्या दिवसांत तपासणी पूर्ण करायची असते. तोंडी सांगितलं तर हे दिवस मोजायला सुरुवात होत नाही, म्हणून लेखी. पत्र स्पॅनिशमध्ये चालतं. तारीख घालायची, तिला काय दिसतंय ते तीनचार वाक्यांत, आणि दोन्ही भाषांत तपासा अशी एक ओळ. फोटो काढून ठेवायचा.

भीतीचं असं सांगा तिला, १९८२ चा प्लायलर खटला टेक्सासचाच आहे, टायलर गावच्या शाळांचा, आणि त्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की देशात राहायची कागदपत्रं नाहीत म्हणून कुठल्याही मुलाला पब्लिक स्कूलचं शिक्षण नाकारता येत नाही. भाषेच्या तपासणीच्या फॉर्मवर तो प्रश्नच नसतो. तरी तिला कागद घाईत देऊ नका, घरी नेऊ दे, नवऱ्याबरोबर वाचू दे. नाही म्हणायचा हक्कही तिचाच आहे.

तुमच्या हद्दीतलं काम म्हणजे लिहून ठेवणं. त्या दुसऱ्या मदतनीसाला सांगा, रोज त्या मुलाची पाच वाक्यं, जशी तोंडातून आली तशी, काय चाललं होतं तेवढं बाजूला. दोन आठवड्यांत पन्नास वाक्यं होतात. स्पॅनिशमधली अशी पन्नास खरी वाक्यं समोर आली तर मी कुठल्याही टेस्टच्या आकड्याआधी ती वाचेन.

आणि कृपा करून आईला घरी स्पॅनिश बंद करू देऊ नका. तिला इंग्लिश मोडकं येतं, म्हणजे पोराच्या कानावर जी एकमेव भरलेली, अखंड भाषा पडते तीच जाईल, आणि तो आईचं बोलणं समजायचाही बंद होईल.

शब्दखडू

तीन आठवड्यांनी लिहितेय. आईने पत्र दिलं. वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं, खाली दोघांच्या सह्या. ऑफिसमध्ये तारखेचा शिक्का मारून घेतला, मी सोबत उभी होते. संमतीचा कागद स्पॅनिशमध्ये आला, घरी नेला, चार दिवसांनी सही करून आणला. कान तपासले, दोन्ही ठीक. डिस्ट्रिक्टची स्पॅनिशवाली एसएलपी आमच्याकडे फक्त मंगळवारी येते, तिने आमची वही मागून घेतली, ६२ वाक्यं झालीत, त्यात 'लो' एकदाही नाही.

मुलीचं पण सांगायचं राहिलं, ती अजून गप्पच आहे, पण काल वाळूत खेळताना शेजारच्या पोरीला स्पॅनिशमध्ये अख्खं भांडण ऐकवलं तिने, फावडं कुणाचं यावरून. मी लांबूनच ऐकत उभी राहिले.

आता एसएलपीने आईला तो तासातासाचा तक्ता दिलाय भरायला आणि आई विचारतेय की संध्याकाळी दोन तास स्पॅनिश कार्टून चालू असतं ते स्पॅनिशमध्ये धरायचं का?

तालव्य

६२ मध्ये एकदाही नाही, हे त्या एसएलपीला पहिल्याच मिनिटात सांगा.

कार्टून बाजूला वेगळं लिहायला सांगा, तासांत मिसळू नका. मुख्य तक्त्यात माणसांशी झालेलं बोलणं, आई, बाप, बहीण, शेजारी, कोण आणि कुठल्या भाषेत. आणि बहीण त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलते ते आईला न विचारता बहिणीलाच विचारा, शाळेत जाणारी मोठी भावंडं घरी कधी इंग्लिशवर गेली हे आयांच्या लक्षात आलेलं नसतं.